कडेला बसलेली

दुपारची जेवणं आटोपली, हिम्मतराव पेपर तोंडावर घेऊन आडवे झाले आणि कामाला येणाऱ्या भाग्यलक्ष्मीने मोरीत भांडी ओढली, की निशिगंधाच्या वाट्याला थोडा वेळ यायचा. सायली दूध पिऊन झोपलेली असायची, नाहीतर पेंगत चटईवर लोळत असायची. कोणतीही शहाणी बाई अशा वेळी लेकराशेजारी अंग टाकते. निशिगंधा कॅमेरा काढून बसायची.

कॅमेरा सासूबाईंचा. शैलाबाईंच्या भावाचा पूर्वी जामबागेत फोटो स्टुडिओ होता. तिथून कॅमेरा त्यांच्याबरोबर तारनाक्याच्या या घरात आला होता. पेटीसारखा, एकावर एक दोन भिंगं असलेला. डोळ्याला लावायचा नाही, छातीपाशी धरायचा आणि मान खाली घालून वरच्या काचेत बघायचं. काचेत जग चौकोनी दिसतं आणि डावं-उजवं उलटं. सायली झाली तेव्हा हिम्मतरावांनीच तो कपाटावरून उतरवला आणि सुनेच्या हातात ठेवला.

"घे बेटा. पडून काय करायचाय? शैला असती तर नातीचे फोटो काढून काढून पोरीला हैराण केलं असतं."

शैलाबाई गेल्या तेव्हा कुलदीपला, निशिगंधाच्या नवऱ्याला, वर्षही पुरं झालं नव्हतं. तापाचं निमित्त झालं. घरात एक जाडजूड अल्बम होता. त्यात कुलदीप पालथा पडलेला, कुलदीप बसलेला, कुलदीप तोंडात चमचा घेतलेला. सगळीकडे एकटा. फोटो काढणारी बाई फोटोत कशी असणार? तिचा म्हणून एकच फोटो होता, लग्नातला, आणि त्यातही मुंडावळ्यांखाली मान इतकी खाली घातलेली की भांग तेवढा दिसत होता. "आईचा भांग मी कुठेही ओळखेन," असं कुलदीप हसून म्हणायचा. पहिल्यांदा ऐकताना निशिगंधाही हसली होती. नंतर नाही.

या कॅमेऱ्यात रुंद फिल्म लागते, कागदाच्या अस्तरासकट गुंडाळलेली. ती हल्ली सहजी मिळत नाही. निशिगंधाकडे एक रीळ होतं, तेही तिने सायलीच्या वाढदिवसासाठी राखून ठेवलेलं. मात्र साध्या कॅमेऱ्याची, कडेला भोकं असलेली अरुंद रिळं फ्रीजमध्ये तिच्या कॉलेजापासून पडून होती. तिने अरुंद रीळ दोन प्लास्टिकच्या तुकड्यांमध्ये अडकवून त्या मोठ्या पेटीत बसवलं, मागच्या लाल खिडकीवर काळी चिकटपट्टी लावली आणि किल्ली अंदाजाने फिरवायला सुरुवात केली. किती फिरवायची, हे सांगणारे आकडे कागदाच्या अस्तरावर असतात, आणि या फिल्मला अस्तरच नसतं.

असं केलं की गंमत होते. साध्या कॅमेऱ्यात फिल्मची भोकं चौकटीखाली झाकलेली राहतात. तेवढ्या भागात चित्र येतच नाही. इथे उजेड फिल्मच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत पडतो. चित्र एक उभी, लांबट पट्टी होऊन येतं आणि दोन्ही बाजूंनी थेट भोकांवरून जातं. भिंत, पडदा, खिडकी, सगळ्याला भोकं. निशिगंधाला ते फार आवडलं. जे एरवी झाकलेलं राहतं तेही आलं, असं वाटलं.

पहिलं रीळ तिने न्हाणीघरात धुतलं. काळ्या बाह्यांच्या पिशवीत हात घालून चाचपडत फिल्म गुंडाळली, डब्यात औषध ओतलं, डबा हळूहळू उलटसुलट केला. लालागुड्याच्या बाजूने इंजिनाची शिट्टी आली तशी सायली आत चुळबुळली आणि पुन्हा झोपली. फिल्म वाळल्यावर तिने ती खिडकीच्या उजेडात धरली आणि फोनवर काळ्याचं पांढरं करून पाहिली. चटईवर सायली, मुठीत पायाचा अंगठा. वर खिडकीचे गज. आणि उजव्या कडेला, भोकांच्या रांगेत, कापडाची एक चुणी.

पडदा असेल, असं ती मनाशी म्हणाली. पडदा डाव्या बाजूला होता हे तिच्या उशिरा लक्षात आलं. पण त्या काचेत डावं-उजवं उलटं दिसतं, त्यामुळे आपलाच घोळ झाला असेल, असं म्हणून तिने ते सोडून दिलं.

खरं तर तिच्या डोक्यात तेव्हा दुसरंच होतं. रजा संपून एक तारखेपासून ऑफिस. कुकटपल्लीला जायचं म्हणजे अमीरपेटला मेट्रो बदलायची, सकाळी निघालं की संध्याकाळीच घर. आणि सायली कुणाकडे राहत नव्हती. रडते, एवढंच असतं तर निशिगंधाने मन घट्ट केलं असतं. भाग्यलक्ष्मीच्या कडेवर देऊन ती एकदा कोपऱ्यावरच्या दुकानात जाऊन आली, तर तेवढ्यात पोरीने रडून रडून श्वास धरला होता. ओठ निळे. हिम्मतराव तोंडावर पाणी शिंपडत होते, भाग्यलक्ष्मी "अय्यो पापा, पापा" म्हणत (बाळाला ती पापाच म्हणायची) तिची पाठ चोळत होती. डॉक्टर म्हणाले, काही मुलं करतात असं, मोठी झाली की जातं. मोठी कधी होणार आणि तोवर काय, हे ते म्हणाले नाहीत.

"नोकरी सोडू का?" तिने कुलदीपला विचारलं होतं.

"तू सोडशील आणि वर्षभरानं माझं डोकं खाशील." कुलदीप जामबागेजवळच्या एका कॉलेजात गणित शिकवायचा, घरातल्या प्रश्नांनाही उत्तर असावं असं त्याला वाटायचं. मग तोच म्हणाला, "बघ गं निशी. तिच्या ओठांपेक्षा काही मोठं नाही."

दुसऱ्या रिळात हात आला.

उजव्या कडेला, भोकांच्या रांगेत, जमिनीवर टेकवलेला एक तळवा. बाळापाशी मांडी घालून बसलेली बाई एक हात मागे टेकवून जशी रेलते, तसा. मनगटात दोन बारीक बांगड्या. एक भोक थेट मधल्या बोटावर आलेलं. कोपराच्या जरा अलीकडे फिल्मच संपत होती.

निशिगंधा मोरीपाशी गेली. "भाग्यलक्ष्मी, परवा मी फोटो काढत होते, तेव्हा तू खोलीत आली होतीस?"

"मैं? नै अम्मा. मेरे हाथ को तो साबण था." तिने फोनकडे वाकून पाहिलं, बोटं पुसून स्क्रीन मोठी केली. "ये तो घर की अम्मा का हाथ दिख रा. आपकाच होगा."

"मी कॅमेऱ्यामागे होते."

भाग्यलक्ष्मीने खांदे उडवले. "पापा तो हँस री ना? बस."

सायली खरंच हसत होती. कॅमेऱ्याकडे बघून नव्हे. उजवीकडे.

निशिगंधा घाबरली का? तिला नंतर आठवलं तेव्हा वाटलं, घाबरायला हवं होतं. पण ती दुपार इतकी साधी होती. दोरीवर दुपट्यांचा ओला वास, पंख्याची कुरकुर, बाहेर चिंचेखाली कुणीतरी स्कूटरला किका मारतंय. आणि तो हात असा काही टेकलेला होता की त्याला घाई नव्हती, काही घ्यायचं नव्हतं. नुसता राखण करत बसलेला हात.

तिने वाढदिवसासाठी ठेवलेलं रुंद रीळ काढलं. हिशेब सरळ होता. अरुंद पट्टी चौकोनाचा मधलाच भाग घेते. रुंद फिल्म पूर्ण चौकोन घेईल. कडेला कुणी बसलं असेल तर सगळी बाई येईल. कॅमेरा त्याच स्टुलावर, चटई त्याच फरशांवर, उजेड त्याच वेळचा.

सगळा चौकोन आला. जिथे तळवा टेकला होता तिथे मोकळी फरशी होती. स्वच्छ, उन्हाचा तुकडा पडलेली. निशिगंधाने सुस्कारा सोडला आणि मग तिची नजर कडेपर्यंत गेली.

चौकोन जिथे संपतो तिथे, अगदी काठावर, चार बोटांची टोकं होती.

जेवढी जागा वाढली होती, तेवढी ती बाई मागे सरकली होती. फोटो काढताना कुणी मध्ये येतंय असं वाटलं की घरातली बाई पदर आवरून मागे होते ना, तशी. आणि सायलीची नजरही तेवढीच लांब गेली होती.

त्या संध्याकाळी तिने कुलदीपला दाखवलं. आधी रुंद फिल्म, मग अरुंद. तो तिची टर उडवेल असं तिला वाटलं होतं. त्याने चष्मा काढून फोन नाकापाशी नेला.

"दोन फोटो एकावर एक आले असतील."

"किल्ली फिरवली नाही तर येतात. पण मग सायलीही दोनदा यायला हवी."

"हौ, तेही आहे." त्याने ती बोटं स्क्रीनवर आणखी मोठी केली. मग त्याने विचारलं ते इतक्या लहान आवाजात की तिला आधी सायलीच कुरकुरली असं वाटलं. "निशी, चेहरा येईल का गं?"

पस्तिशीला टेकलेला नवरा असं काही विचारतो तेव्हा त्याच्या केसांतून नुसता हात फिरवता येतो.

त्यानंतरच्या दिवसांत तिने एक करून पाहिलं. सायलीला चटईवर ठेवून ती खोलीबाहेर गेली. दाराआड उभी राहिली, कान देऊन. आतून रडणं आलं नाही. थोड्या वेळाने हुंकार आला, मग खुदखुदणं. दुसऱ्या दिवशी ती स्वयंपाकघरापर्यंत गेली, तिसऱ्या दिवशी गच्चीवर. पोरगी एकटी खेळत होती. भाग्यलक्ष्मी म्हणाली, "पापा समझदार हो गई अम्मा." निशिगंधा दोरीवरचे कपडे काढताना पहिल्यांदाच एक गाणं गुणगुणली.

एक तारीख तोंडावर आली तसं तिने ठरवलं. ज्या बाईने आयुष्यभर दुसऱ्यांना मधे बसवलं तिला कुणी मधे बोलावलंच नसेल. बोलावल्याशिवाय ती कशी येईल? तिने स्वयंपाकघरातला पाट काढला, ओल्या फडक्याने पुसला आणि चटईच्या बरोबर मध्यावर ठेवला. सवाष्ण जेवायला बोलावतात तेव्हा तिची आई करायची तसं पाटाला हळदीकुंकू लावलं, भोवती दोन बोटांची रांगोळी काढली. अरुंद फिल्मच घातली, कारण आता मधलीच जागा हवी होती. सायलीला पाटाशी बसवलं आणि स्वतः स्टुलाकडे गेली.

"आई," ती म्हणाली. शैलाबाईंना ती कधी आई म्हणाली नव्हती, म्हणायला त्या कुठे होत्या! "या ना. संकोच करू नका. मी इकडेच आहे. कुलदीपला तुम्हाला एकदा बघायचंय."

तिने मान खाली घातली. काचेत पाट होता, पाटाला टेकून सायली होती, रिकामं ऊन होतं. सायलीने दोन्ही हात वर केले, उचलून घे म्हणून करते तसे.

निशिगंधाने खटका दाबला.

रीळ संपलं, धुतलं, वाळलं. ओल्या फिल्मवरच तिला दिसलं होतं, पण तिने वाळेपर्यंत बघायचं टाळलं.

चेहरा आला होता.

पाटावर बाई बसली होती. सायली तिच्या मांडीत. रुंद कपाळ, कुलदीपचीच हनुवटी, फोटो काढून घ्यायची सवय नसलेल्या माणसाचं अर्धवट, लाजरं हसू. भोकांपासून दूर, पट्टीच्या ऐन मध्ये. कुलदीपने फोन दोन्ही हातांत धरला. मग उठून बाबांच्या खोलीत गेला आणि दार लोटलं. आतून हिम्मतरावांचा आवाज आला, "हौ... हौ रे, तीच."

बाहेर निशिगंधा फिल्म हातात घेऊन उभी होती. कुलदीपला फोनवर पाठवताना तिने कड कापली होती. कापलेल्या कडेला, भोकांच्या रांगेत, एक हात होता. जमिनीला टेकलेला. बांगड्या नव्हत्या त्यात. तिचंच घड्याळ होतं, आणि बाळाला ओरखडा लागू नये म्हणून अगदी मुळापासून कापलेली नखं.

ती तेव्हा स्टुलाशी उभी होती. दोन्ही हात कॅमेऱ्याला होते.

एक तारखेला सायली रडली नाही.

निशिगंधाने दारातून हात हलवला, सायलीने पाहिलं, आणि पुन्हा चटईकडे वळली. दुपारी तिने ऑफिसच्या जिन्यात उभं राहून फोन केला. "खाई, सोई, सब किया," भाग्यलक्ष्मी म्हणाली. "आपकी याद नै करी, फिकर नको करो." चांगली बातमी होती. निशिगंधाने जिन्याच्या कठड्याला कपाळ टेकलं आणि ती चांगली बातमी आहे असं स्वतःला सांगितलं.

संध्याकाळी ती अमीरपेटच्या गर्दीतून, पायातली सँडल हातात घ्यावी असं वाटेपर्यंत धावत घरी आली. हिम्मतराव व्हरांड्यात बसले होते.

"पोरगी कशी आहे, बाबा?"

"मजेत. दिवसभर आवाज नाही." त्यांनी दारातून आत पाहिलं. "बेटा, तो पाट तू मांडला होतास. उचलला कुणी?"

"भाग्यलक्ष्मीनं. झाडताना. का?"

"अक्षता टाकल्या होत्यास? हळदीकुंकू देऊन, पुन्हा या म्हणून?"

निशिगंधाला आई आठवली, सवाष्णीच्या मागे दारापर्यंत जाणारी, ओटी भरणारी, तिच्या पाठीवर अक्षता टाकणारी. बोलावणं तिला आठवलं होतं. पाठवणी नव्हती आठवली.

"नाही, बाबा."

"मग ती जाणार कशी?" ते रागावले नव्हते. त्यांच्या आवाजात उलट काहीतरी उजळलेलं होतं आणि ते त्यांना लपवता येत नव्हतं. "देव्हाऱ्यात अक्षता आहेत. टाकायच्या तर टाक. तुझं लेकरू आहे, तुला वाटेल तसं कर."

ती देव्हाऱ्यापाशी गेली. वाटीतल्या अक्षता मुठीत घेतल्या. तिथून खोलीचं दार दिसत होतं, अर्धं लोटलेलं, आणि आतून सायलीचा श्वास ऐकू येत होता. शांत, लांब, एका लयीत. तिच्या कुशीत सायली असं कधी झोपली नव्हती, सारखी दचकायची. उद्या पुन्हा ऑफिस होतं. परवाही. आणि ते निळे ओठ.

मुठीतल्या अक्षता तिने वाटीत परत ठेवल्या.

पावलांचा आवाज न करता ती आत गेली. मावळतीचं ऊन खिडकीच्या गजांतून चटईवर आलं होतं. मध्ये कुणी नव्हतं. तरी मध्ये बसावं असं तिला वाटलं नाही. ती कडेला, फरशीवरच टेकली. जवळ गेली असती तर पोरगी उठली असती.

"सायू," तिने नुसते ओठ हलवले.

सायली गाढ झोपेत होती. गाल लालसर, तोंड किंचित उघडं. तिचं डोकं चटईला टेकलेलं नव्हतं. मांडीवर घेतल्यावर असतं तेवढं, वर होतं. आणि खाली चटईवर, डोक्यापासून सुटी, त्या एकट्या डोक्याची सावली पडली होती.